दोन पट्ट्यांच्या मधे

अल्बम शुक्रवारी बाजारात यायचा होता. सोमवारी सकाळी तो फुकटात सगळ्यांच्या फोनवर होता.

“चोर इथे बसवून ठेवलाय,” संगीत कंपनीचा मालक फोनवर म्हणाला. “तुम्ही फक्त घेऊन जायला या.”

इन्स्पेक्टर बाईंना असले फोन आवडत नसत. ज्याला चोर आधीच सापडलेला असतो, त्याला पोलीस हवे असतात ते शिक्का मारायला. तरी त्या निघाल्या. खात्यात त्यांना पाठीमागे ‘बहिरी ससाणा’ म्हणत. नजर ससाण्याची, आणि गाण्याच्या बाबतीत ठार बहिऱ्या. लग्नात सुद्धा बँड थांबल्याचं त्यांना नवऱ्याने सांगावं लागलं होतं. खात्याने गाण्यांच्या चोरीचं प्रकरण नेमकं त्यांच्याच गळ्यात मारलं होतं, आणि यात कुणाला काही गंमत वाटत असेल तर ती बाईंना वाटत नव्हती.

“काय आहे हे?” गाडीत त्यांनी विचारलं.

“मास्तरांची नऊ गाणी, मॅडम,” हवालदार म्हणाला. “पियानोवर बसून गायचे. दोन महिन्यांपूर्वी गेले. जिवंत असताना बाजारात एक गाणं येऊ दिलं नाही. आता घरातल्या जुन्या टेप सापडल्या, त्यावरून कंपनीने अल्बम केला.”

“तुला बरंच माहीत आहे.”

“ऐकतोय ना सकाळपासून.” त्याने खिशावर हात ठेवला. “म्हणजे, पुरावा म्हणून उतरवून घेतलंय.”

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं.

कंपनीच्या इमारतीच्या दारात पहारेकरी एका माणसाची बॅग धरून उभा होता. माणूस पन्नाशीचा, किडकिडीत, गळ्यात हेडफोन अडकवलेला. त्याच्या कमरेच्या किल्ल्या काढून घेतलेल्या होत्या. पट्ट्यावर नुसती रिकामी कडी लोंबत होती.

हाच तो चोर, मालकाच्या मते. कंपनीचा ध्वनिमुद्रक. सगळे त्याला कानसेन म्हणत.

मालकाने वरच्या काचेच्या खोलीत बसवून घाईघाईने सांगितलं. “तयार अल्बम चौघांकडे होता. मी, कानसेन, मास्तरांची शिष्या आणि मास्तरांची बायको. मी स्वतःच्या पोटावर पाय देणार नाही. शिष्येला फक्त ऐकायला दिला होता. काकूंना मानाची प्रत म्हणून एका पेन ड्राइव्हवर. त्यांचं वय झालंय, त्यांना ऐकूसुद्धा नीट येत नसावं. राहिला कोण?”

“ऐकू येत नाही हे कशावरून?”

“फोन केला होता त्यांनी. आवाज बरोबर नाही वगैरे काहीतरी कुरकुर. म्हातारपण, दुसरं काय.” मालकाने हात झटकला. “संध्याकाळी वर्तमानपत्रांना निवेदन देतोय. कानसेनच्या नावानिशी.”

“पुरावा?”

“तुम्ही शोधा. तुमचा पगार त्याचाच.”

गाणं पहिल्यांदा जिथे टाकलं गेलं ती वेबसाइट परदेशातली होती. त्यांच्याकडून उत्तर यायला महिने लागणार होते. तोवर हा माणूस धंद्यातून उठला असता. दुसऱ्याच्या कष्टाच्या टेप ज्याच्या हाती विश्वासाने द्यायच्या, त्याच्यावर एकदा असं बोट दाखवलं गेलं की मागाहून सुटका होऊन काही उपयोग नसतो. बाईंना हे ठाऊक होतं. कानसेनला तर पुरतंच ठाऊक होतं.

“तुम्ही टाकलंत?” बाईंनी खाली येऊन कानसेनला विचारलं.

“नाही.”

“मग एवढे गप्प का?”

“ओरडणारा सुद्धा चोरच वाटतो, मॅडम. गप्प बसलेला निदान थकत नाही.”

“टेपचं तुम्ही काय केलंत ते मला कळेल अशा भाषेत सांगा. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही.”

तो पहिल्यांदा जरा सैल झाला. “जुन्या टेप होत्या. खरखर काढली. मागे एक व्हायोलिन हवं असं मालकांचं म्हणणं, ते इथे वाजवून घेतलं. आणि टेप सुस्त होत्या. घरगुती यंत्राची मोटर अशीच मंद होत जाते.”

“सुस्त म्हणजे?”

“प्रत्येक पियानो एका ठरलेल्या सुरात लावलेला असतो. जगात कुठेही जा. मास्तरांचा पियानो त्या टेपवर दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी लोंबत होता. काळीवर नाही, पांढरीवर नाही. म्हणजे टेपचा वेग चुकलाय. मी तो किंचित वाढवला आणि गाणी सुरावर आणली. आवाज सुद्धा चाळिशीतल्या माणसासारखा ताजा झाला. मालक खूश.”

“मास्तरांच्या घरी कधी गेला होतात?”

“नाही. टेप पिशवीतून आल्या.” तो थांबला. “विशीत असताना त्यांच्या घराखाली उभं राहून ऐकायचो. वर जायची हिंमत झाली नाही. मी त्यांची गाणी चोरीन, मॅडम?”

ससाण्याला कळवळा दाखवायची सवय नव्हती.

“फुटलेली गाणी तुम्ही ऐकलीत?”

“मीच तयार केली ती. काय ऐकायचंय?”

मालकालाही त्यांनी तेच विचारलं. त्याने ती किती लाख लोकांनी उतरवली ते सांगितलं. कंपनीच्या वकिलाने कायद्याचं कलम सांगितलं. ऐकलं कुणीच नव्हतं. घरफोडी झाल्यावर पोलीस निदान गेलेला माल कसा दिसतो ते विचारतात. इथे सगळे मालाच्या नावाने गळा काढत होते आणि माल कुणी पाहिलाच नव्हता.

बाईंनी दोन संगणक शेजारी शेजारी मागवले. एकावर कंपनीचं गाणं, दुसऱ्यावर फुटलेलं. दोन्ही एकदम सुरू केली. त्यांच्या कानांना दोन्ही सारखीच वाटली, म्हणजे सारखीच कंटाळवाणी. पण थोड्या वेळाने एकातला मास्तर ओळ संपवून गप्प झाला होता आणि दुसऱ्यातला अजून शेवटच्या शब्दावर रेंगाळत होता.

त्यांनी दुसरं गाणं लावलं. तिसरं. प्रत्येक वेळी फुटलेलं गाणं मागे राही.

“हवालदार, यात व्हायोलिन आहे का?”

“कशात?”

“फुटलेल्यात.”

“आहे की, मॅडम. तेवढंच नको होतं असं सगळे लिहितायत.”

बाईंनी मान हलवली आणि शिष्येचा पत्ता मागितला.

शिष्या तिसऱ्या मजल्यावर एका प्रशस्त खोलीत शिकवत असे. चकचकीत पियानो, भिंतीवर आरसा, समोर कॅमेरा. तिचा त्याच परदेशी वेबसाइटवर एक गट होता. तीन-चारशे माणसं, मास्तरांच्या घरची मंडळी, विद्यार्थी, रसिक. दुर्मीळ ध्वनिमुद्रणं तिथे एकमेकांना वाटली जात. मास्तरांची नऊ गाणी सगळ्यात आधी याच गटात आली होती, एका बिननावाच्या खात्यावरून.

“दुसऱ्यांची गाणी अशी वाटायला परवानगी असते?” बाईंनी विचारलं.

“गाणं कुणाच्या बापाचं नसतं, मॅडम. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने शिकायचंच नाही का?”

“तुमच्या शिकवणीचे व्हिडिओ कुणीतरी असेच वाटले होते म्हणे. तुम्ही तक्रार केली होती. आमच्याच खात्यात.”

ती लाल झाली. “ते वेगळं. त्यात माझे कष्ट होते.”

हवालदाराने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

“मास्तरांची ही गाणी तुम्ही ऐकलीत?”

“फुटलेली? दोन ओळी. पुढे ऐकवेना. उतरलेली आहेत, कुठल्याच पट्टीत बसत नाहीत. कंपनीचा अल्बम कसा माझ्या पियानोशी तंतोतंत जुळतो. कुणा गाढवाने नक्कल करताना बिघडवलं असणार.”

“मास्तर तुम्हाला कुठे शिकवायचे?”

“इथेच. शेवटची सात-आठ वर्षं तेच येत. घरचा पियानो मोडकळीला आलाय म्हणायचे. आतल्या खोलीत पडून असतो.”

बाईंनी तिच्या पियानोची एक पट्टी दाबली आणि फोन पुढे धरला. गिटारवाले वापरतात तसलं, सूर दाखवणारं ॲप त्यांनी वाटेतच उतरवून घेतलं होतं. रीतसर पैसे भरून, हे इथे सांगायला हवं. काटा बरोबर मधे उभा राहिला. कंपनीचं गाणं लावलं. काटा मधे. फुटलेलं लावलं. काटा डावीकडे गेला आणि दुसऱ्या रेघेवर थांबला. नऊच्या नऊ गाण्यांत तिथेच.

“बिघडलेलं असं नेमकं बिघडत नाही,” बाई म्हणाल्या. शिष्येला त्याचा अर्थ लागला नाही.

मास्तरांचं घर जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर होतं. काकूंनी स्वतः दार उघडलं. सत्तरीच्या, ताठ, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या. बाई हलक्या आवाजात बोलल्या तरी त्यांना पहिल्या खेपेलाच ऐकू येत होतं. स्वयंपाकघरातला नळ टिपकतोय हेही त्यांनीच ऐकलं आणि उठून बंद केला.

बाहेरच्या खोलीत संगणक चालू होता. पडद्यावर गाण्याची लाट थबकलेली, शेजारी स्वरलिपीचा कागद.

“हे काय करताय?”

“त्यांची गाणी उतरवतेय. छापील पुस्तक करायचंय. हात भरभर चालत नाही, म्हणून गाणं सावकाश करून ऐकते. होतं यात तसं.”

“तुम्ही गात होतात?”

“छे. मी पियानो लावायची. सुरात. तीस वर्षं हाच धंदा. यांचा लावायला आले आणि इथेच राहिले.” काकू किंचित हसल्या.

“तो पियानो पाहू शकते?”

काकू क्षणभर थांबल्या. मग त्यांनी आतल्या खोलीचं दार लोटलं.

खोलीत सामान रचलेलं होतं. मास्तरांचे कोट, खोकी, मोडकी खुर्ची, आणि सगळ्यावर धुळीचा थर. भिंतीला टेकून काळा पियानो. त्याचं झाकण मात्र पुसलेलं होतं. खिडकीच्या कट्ट्यावर लाकडी मुठीची एक लोखंडी किल्ली होती, तारा पिळायची.

“कुणी वाजवतं?”

“वर्षात कुणी हात लावला नाही. तारा जुन्या आहेत. पुरा ताण दिला तर तुटतील. म्हणून पहिल्यापासून मी तो जरा उतरवूनच लावायची. यांना तोच आवडायचा. म्हणायचे, जगाचा सूर जगाला लखलाभ.”

बाईंनी पट्टी दाबली. फोनचा काटा डावीकडे गेला आणि दुसऱ्या रेघेवर थांबला. त्यांनी दुसरी पट्टी दाबली. तिसरी. काटा हलला नाही.

बाईंनी फोन बंद करून खिशात ठेवला. “काकू, थोडं कंपनीत यावं लागेल. कानसेन तिथे बसून आहेत सकाळपासून.”

“मला काय माहीत त्यातलं?” काकू म्हणाल्या. पण त्यांनी कोट आधीच हातात घेतला होता.

मालकाच्या काचेच्या खोलीत बाई आणि अल्बम मिळालेले ते चौघे जमले तेव्हा उन्हं कलली होती. हवालदार दाराशी उभा होता. कानसेनने उठून काकूंना खुर्ची दिली. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

“मला गाण्यातलं कळत नाही,” बाईंनी सुरुवात केली. “म्हणून मी मोजलं. फुटलेलं प्रत्येक गाणं कंपनीच्या गाण्याहून थोडं लांब आहे. कुणीतरी ते मुद्दाम सावकाश केलंय.”

“नाहीतर कानसेनने मूळ टेपच दिल्या असतील,” मालक म्हणाला. “त्या सुस्तच होत्या.”

“मूळ टेपवर व्हायोलिन नव्हतं. फुटलेल्यात आहे. म्हणजे ज्याने हे केलं त्याच्याकडे तुमचा तयार अल्बमच होता, मूळ टेप नव्हत्या. मूळ टेप फक्त कानसेनकडे होत्या. त्यांना हा वेग हवा असता तर व्हायोलिनसकट उलटा द्राविडी प्राणायाम कशाला केला असता?”

कानसेनने मान वर केली.

“शिवाय त्यांच्या मते अल्बम अगदी सुरात आहे. शिष्याबाईंच्याही मते. त्यांच्या पियानोशी तो तंतोतंत जुळतो. फुटलेली गाणी त्यांना दोन ओळींपुढे ऐकवली नाहीत. जे गाणं चुकीचं वाटतं, ते कष्ट घेऊन कुणी तयार करणार नाही. आणि मालकांना तर ताजा आवाज हवा होता.” बाई थांबल्या. “मग तो सावकाश सूर कुणाला बरोबर वाटत होता? ज्याला ठाऊक होतं की टेप सुस्त नव्हत्याच. पियानोच उतरवलेला होता.”

कानसेनच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. सकाळी चोर म्हणून पकडला गेला तेव्हाही तो इतका पडला नव्हता.

“आतल्या खोलीतला पियानो वर्षभर कुणी वाजवला नाही,” बाई म्हणाल्या. “मी गाडीतून पियानोच्या एका कारागिराला फोनवर विचारलं. इतक्या जुन्या तारा वर्षभरात सगळ्या वेगवेगळ्या घसरतात. इथे प्रत्येक पट्टी एकाच जागी आहे. तो नुकताच कुणीतरी लावलाय. वाजवायला नाही, गाणी त्याच्याशी ताडून पाहायला. काकू, किल्ली कट्ट्यावरच राहिली होती.”

मालकाने काकूंकडे वळून पाहिलं.

“मी फोन केला होता,” काकू म्हणाल्या. आवाज अगदी कोरडा होता. “म्हटलं, हा माझा नवरा नाही. हा कुणीतरी तिशी-चाळिशीचा पोरगेला माणूस आहे. या मालकांनी सांगितलं, आमच्या ध्वनिमुद्रकाचा कान देशात पहिला, तुमचं वय झालंय, आणि कागदावर सही झालीय.”

“झालीच होती,” मालक म्हणाला. “हक्क आमचे. तुम्ही वाटलंत ती चोरीच आहे.”

“गाणी विकली मी. त्यांचा श्वास विकला नव्हता. चाळीस वर्षं शेजारी बसून ऐकलेला माणूस असा घाईघाईने गाताना ऐकायचा? लोकांनी तोच खरा समजायचा? मला पैसा नको होता. एकदा खरा बाहेर जाऊ दे, एवढंच. म्हणून फुकट वाटला.”

“आणि कानसेनचं नाव गटात पसरल्याचं सकाळी कळलं, तेव्हा?” बाईंनी विचारलं.

काकूंनी मांडीवरच्या कोटाची घडी सारखी केली.

“तुम्हाला कळलं होतं.”

“कळलं होतं.” त्यांनी पहिल्यांदा कानसेनकडे पाहिलं. “म्हटलं, माझ्या माणसाचा आवाज यांनी बदलला. यांचं नाव चार दिवस बदनाम झालं तर होऊ दे.”

“मला एक फोन करायचा होतात, काकू,” कानसेन म्हणाला. “तुम्ही तक्रार केलीत हे मला आत्ता कळतंय. एका शब्दात सांगितलं असतंत, पियानो उतरवलेला आहे. मी तासाभरात सगळं परत केलं असतं. व्हायोलिन सुद्धा काढलं असतं.”

काकूंची मूठ कोटाच्या कापडात वळली. मालक कागद चाळू लागला. तो फोन आपण खाली पोचवला नाही, हे त्याला कुणी बोलून दाखवलं नाही आणि त्यानेही दाखवलं नाही.

“मी माफी मागते,” काकू म्हणाल्या.

कानसेनने पट्ट्यावरची रिकामी कडी चाचपली. “मागा,” तो म्हणाला. “पण मला आज देता येणार नाही.”

तेवढ्यात शिष्येचा फोन किणकिणला. गटात काहीतरी नवं आलं होतं. तिने नकळत बोट लावलं आणि खोलीत मास्तरांचा आवाज घुमला. काकूंनी वाटलेलंच गाणं. पण पळणारं. कुणीतरी त्याचा वेग दीडपट केला होता आणि खाली धडधडता ताल जोडला होता. मास्तर लहान पोरासारखे चिरक्या आवाजात गात होते. खालचा आकडा काकूंच्या गाण्याच्या कितीतरी पट होता.

“बंद कर,” शिष्या स्वतःलाच म्हणाली. तिने गाणं थांबवलं.

“हे काढून टाकता येईल का?” काकूंनी बाईंना विचारलं. आता त्यांचा आवाज खरोखर म्हातारा झाला होता.

“नाही,” बाई म्हणाल्या. “तुमच्या हातून सुटलं ते आता तुमचं नाही.”

मालकाने पडद्यावरचा आकडा वाकून पाहिला. मग सरळ झाला आणि म्हणाला, “असंच काहीतरी आपणही काढायला हवं.”

काकूंना हवालदाराने गाडीकडे नेलं. बाई कानसेनबरोबर जिन्याने उतरल्या. निवेदन दुपारीच गेल्याचं मालकाने वकिलाला दारात सांगितलेलं त्यांनी ऐकलं होतं. दुरुस्ती उद्या येणार होती, आतल्या पानावर, कोपऱ्यात. किल्ल्यांचा विषय मालकाने काढलाच नव्हता.

“मी स्वतः लिहून देते,” बाई म्हणाल्या. “जिथे काम मागायला जाल तिथे दाखवा.”

“द्या,” कानसेन म्हणाला. त्याच्या आवाजात आशा नव्हती, नुसता शिष्टाचार होता.

दारात पहारेकऱ्याने हात आडवा केला. “बॅग उघडा. साहेबांचा हुकूम आहे, तुमची बॅग रोज बघायची.”

“हा सुटलाय,” बाई म्हणाल्या.

“मला वरून कुणी सांगितलं नाही, मॅडम.”

कानसेनने मुकाट्याने बॅग टेबलावर ठेवली. पहारेकरी एकेक वस्तू काढून पाहू लागला. डबा, चष्म्याचं घर, वायरींचं भेंडोळं. त्याच्या छातीच्या खिशातला फोन वाजत होता. तेच गाणं, तोच पळणारा चिरका मास्तर, धडधडता ताल. हातातलं काम थांबवून त्याने मान डोलावली.

“मघापासून हेच लागलंय डोक्यात,” तो म्हणाला. “झकास आहे. कुणाचं आहे कुणास ठाऊक. तुम्हाला पाठवू? पैसे नाही लागत.”

कानसेन गाणं संपेपर्यंत उभा राहिला. मग त्याने डबा, घर आणि वायरी परत बॅगेत भरल्या, आणि रिकामे हात एकदा वर करून दाखवले.

“नको,” तो म्हणाला. “माझ्याकडे आहे.”